मधल्या वेगातला खोकला

आमच्याकडे पुरुष माणूस एकट्या बाईच्या घरापुढच्या छपरीत बसला, तर त्याच्या हातात काही काम असावं लागतं. पाना असावा, कुऱ्हाडीचा दांडा असावा, निदान सुतळी तरी. रिकाम्या हातानं बसलेला माणूस आलापल्लीला जाणाऱ्या एसटीतूनही दिसतो, असं गुणाबाई म्हणते. गुणाबाई माझी शेजारीण. तिच्या अंगणातून माझी छपरी पूर्ण दिसते, आणि ती आपलं अंगण दिवसातून बऱ्याचदा झाडते.

हे होते तेव्हा मुखरूभाऊ दर बाजाराच्या दिवशी यायचे. हे म्हणजे माझे यजमान, डोमाजी. लाकडाच्या डेपोत हे ट्रक चालवायचे आणि मुखरूभाऊ तिथल्याच वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दोघं निवृत्त झाले, तरी बाजाराचा दिवस सुटला नाही. मुखरूभाऊ पलीकडच्या गावाहून सायकलनं यायचे, सायकल चिंचेला टेकवायचे आणि ऊन उतरेपर्यंत दोघं बोलत बसायचे. मी चहा द्यायची, मग उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडायची. मध्येच एखादं वाक्य माझंही असायचं. बालवाडीत मुलं सांभाळून मीही तोवर घरी बसले होते. घरात फार कोणी नव्हतं, पण त्या दिवशी छपरी भरलेली वाटायची.

हे गेले आणि मुखरूभाऊ फाटकाबाहेर थांबू लागले. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर.

"शकुबाई, बरं आहे ना?"

"बरं आहे, भाऊ."

"काही लागलं त सांगजा."

"हाव."

एवढं बोलून सायकल पुढं जायची. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची बायको गोकुळा यांच्याही आधी गेली होती. तेही एकटे, मीही एकटी. अशा दोन माणसांनी एका छपरीत बसायचं, तर गावाला आधी कारण दाखवावं लागतं. आमच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं.

ते फटफटीनं दिलं.

फटफटी यांची. लाल टाकी, गोल दिवा, आणि दोघांच्या सीटवर तीन माणसं नि एक बकरी नेलेली. आजकाल मुलं तिला बाइक म्हणतात, पण ती बाइक वाटत नाही, फटफटीच वाटते. हे दर सकाळी तिला पुसायचे, मग स्वतः आंघोळ करायचे. हे गेल्यावर मी ती गोठ्यात मेणकापडाखाली ठेवली. गोठ्यात गुरं नव्हतीच, त्यामुळं तिला सोबत म्हणून एक कोंबडी तेवढी होती. ती मागच्या चाकाजवळ अंडी घालायची.

पोळ्याला निकेश आला. निकेश माझा नातू, नागपूरला कंपनीत असतो. त्यानं मेणकापड उचललं आणि शिट्टी मारली.

"आजी, ही मला दे. आमचा ग्रुप आहे, सगळ्यांकडे जुन्या गाड्या आहेत. असा पीस कोणाकडेच नाही."

"चालत नाई ते."

"मग चालू करून घे ना. मुखरूआबा आहेत की. नीट चालली की सांग, मी येऊन घेऊन जातो."

मी हो म्हटलं. त्याला नाही द्यायची तर कुणाला? पण गाडी नीट झाली की ती जाणार आणि ती गेली की मुखरूभाऊंचं इथं बसायचं कारणही जाणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. ज्या दिवशी त्यांना निरोप पाठवला, त्याच दिवशी.

ते आले ते हत्याराची पिशवी घेऊन. पिशवी डेपोतलीच, कॅनव्हासची, तेलानं काळी पडलेली. सायकल चिंचेला टेकवली आणि फाटकातून आत आले. किती दिवसांनी ते फाटक त्यांच्या हातानं उघडलं, ते मोजायचं मी टाळलं. गोठ्यातून गाडी काढून त्यांनी छपरीच्या कडेला उभी केली, सावलीत. सायलेन्सरच्या तोंडातून कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर त्याला वार्निशासारखा वास. नवीन पेट्रोल आणलं, त्यात तेल मिसळलं, प्लग पुसला, आणि मुखरूभाऊंनी किक मारली. मग आणखी मारली. मग थोडं थांबून, टाकीवर हात ठेवून, "चाल डोमाभाऊ," असं हळूच म्हणाले आणि मारली.

चालू झाली.

निळा धूर अंगणभर झाला. कोंबडी ओरडत पळाली. गुणाबाई खराट्यासकट कुंपणाशी आली. मी छपरीच्या खांबाला धरून उभी राहिले. तो आवाज अंगणात नसण्याची मला सवय झाली होती, हे तो परत आल्यावर कळलं.

"घेऊन जाते आता पोरगा," गुणाबाई म्हणाली.

"थांबा वो बाई," मुखरूभाऊ म्हणाले. "चालू होणं आणि चालणं यात फरक आहे. रस्त्यावर पाहाव लागते."

ते गाडी रपट्यापर्यंत घेऊन गेले. रपटा म्हणजे नाल्यावरचा तो बुटका पूल, आमच्या घरापासून सरळ दिसतो, त्यापुढं सागाचं जंगल सुरू होतं. मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते. निघताना आवाज स्वच्छ. हळू चालताना स्वच्छ. मग त्यांनी मूठ थोडी पिळली आणि मधल्या वेगात गाडी खोकायला लागली. खक, खक, मध्येच गप्प, पुन्हा खक. मग पूर्ण मूठ पिळली तेव्हा खोकला गेला आणि ती सरळ पळाली.

परत येऊन त्यांनी गाडी बंद केली आणि मला विचारलं, "काय ऐकलं तुम्ही? चालवणाऱ्याच्या कानात हवा भरते. जमिनीवरच्याले जास्त कळते."

"सुरुवात साफ. शेवट साफ. मधात खोकते."

"मिसिंग," ते म्हणाले, आणि हे गेल्यापासून पहिल्यांदाच छपरीतल्या खाटेवर बसले. "मधली मिसिंग लय हट्टी असते, शकुबाई. तिले टाइम लागते."

मी चहा ठेवायला आत गेले. भांडं हातात घेतलं, तर हात हलका वाटला.

मुखरूभाऊंची काम करायची एक रीत होती. डेपोतल्या जुन्या मिस्त्रीनं शिकवलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून पाहायची. "दोन गोष्टी एका टायमाले बदलल्या आणि गाडी सुधरली, त रोग कोणता होता ते कळतच नाई," ते म्हणायचे. "मग पुढच्या वेळी पुन्हा आंधळा." रीत खरी होती. वर्कशॉपमध्ये ते तसंच करायचे, यांच्याकडून मी ऐकलं होतं. फक्त वर्कशॉपमध्ये ते एकामागून एक त्याच दिवशी करायचे. माझ्या छपरीत ते एका बाजाराला एक करू लागले.

पुढच्या बाजाराला प्लग. त्यांनी प्लग काढला, आणि मी जवळच पाण्याचा गडवा घेऊन उभी होते म्हणून मला दिसला. टोक पांढरं फटक होतं. हे असताना मला त्या प्लगचे रंग पाठ झाले होते. तपकिरी असला तर गाडीचं पोट ठीक. काळा असला तर पेट्रोल जास्त पिऊन राहिली. पांढरा असला तर उपाशी. मुखरूभाऊंनी पांढरं टोक पाहिलं, चिंधीनं चटकन पुसलं आणि प्लग परत बसवला.

"प्लग ठीक आहे," ते म्हणाले. "पुढच्या बाजारी पॉइंट पाहू."

चहात त्या दिवशी सुंठ घातली.

मग पॉइंट झाले. मग कंडेन्सर. मग कॉईल. तोवर धान हिरवं होतं ते पोटऱ्यात आलं. एकदा दिवसभर पाऊस लागला, तर मला वाटलं येणार नाहीत. ते प्लास्टिकचं घोंगडं पांघरून आले आणि छपरीत बसून वायरी तपासत राहिले. गाडी पावसात चालवून पाहता येत नव्हती. त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि तो दिवस चांगला गेला. ते बोलत होते डेपोतल्या हत्तिणीबद्दल, जी ओंडके ढकलायची आणि जेवायच्या सुट्टीचा भोंगा वाजला की अर्धा ढकललेला ओंडका तिथंच सोडून द्यायची. मला ती गोष्ट माहीत होती. यांच्या तोंडून कितीदा ऐकली होती. पण यांच्या गोष्टीत हत्तीण सोंडेनं भोंग्याकडं बोट दाखवायची आणि मुखरूभाऊंच्या गोष्टीत नाही.

"डोमाभाऊ वाढवून सांगे," ते म्हणाले.

"मग खरं काय?"

"खरं हेच की ओंडका सोडे. पण त्याची गोष्ट जास्त चांगली होती."

गुणाबाईला मात्र धीर नव्हता. कुंपणावरून ती रोज विचारायची.

"काऊन वो शकुबाई, बनली का फटफटी? का अजून खोकूनच राह्यली?"

"खोकते अजून."

"आमचा ट्रॅक्टर दोन दिवसात बनते, बाई. ह्या गाडीले डॉक्टर बदला. नाईतर काढा पाजा अडुळशाचा."

ती हसायची, मीही हसायची. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण माणूस हसत हसत किती पाहतं, हे मला गावात राहून ठाऊक होतं.

कॉईल झाली त्या दिवशी संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि अचानक मला सिरोंचाच्या रस्त्याची आठवण आली. आठवण आली म्हणजे ती कायमच होती, पण त्या दिवशी ती पुढं येऊन उभी राहिली.

मुखरूभाऊंसाठी मुलगी पाहायला गेलो होतो आम्ही तिघं. हीच फटफटी. हे पुढं, मध्ये मुखरूभाऊ, मागं मी एका बाजूनं बसलेली, कारण मुलगी बाईमाणसानंही पाहायला हवी असं यांचं म्हणणं. मुलगी म्हणजे गोकुळा. तिनं आम्हाला पोहे दिले आणि मुखरूभाऊंकडं न पाहता यांच्या फटफटीकडं पाहत राहिली, म्हणून हे परतताना सारखे चिडवत होते, "पोरीनं गाडी पसंत केली रे मुखरू, तू राह्यला." वाटेत एका टपरीवर बाटलीतून पेट्रोल घेतलं होतं. त्यात काय मिसळलेलं होतं देव जाणे. जंगलात शिरलो आणि गाडी मधल्या वेगात खोकायला लागली. अगदी अशीच. सुरुवात साफ, शेवट साफ, मध्ये खक खक.

मुखरूभाऊंनी सागाखाली गाडी उभी केली आणि थेट कार्बोरेटर उघडला. प्लग नाही, पॉइंट नाही. थेट कार्बोरेटर. त्यातून त्यांनी एक लांब बारीक सुई काढली. तिच्या वरच्या टोकाला खाचा होत्या आणि एका खाचेत नखाएवढी एक पत्री बसवलेली होती, तिला ते लॉक म्हणायचे. "मधला वेग या सुईवर असते, डोमाभाऊ," ते म्हणाले. "लॉक खालच्या खाचेत टाकलं की सुई वर उचलते, पेट्रोल जास्त येते." त्यांनी पकडीनं लॉक काढलं आणि ते टुण्णकन उडालं.

उन्हाळ्याचे दिवस. जमिनीवर सागाची वाळलेली पानं, ताटाएवढी. तिघंही गुडघ्यावर बसून शोधत होतो. हे इतके हसत होते की त्यांना शोधता येत नव्हतं. लॉक मिळालं नाही. तेव्हा मी अंबाड्यातला आकडा काढून मुखरूभाऊंना दिला. अर्धा अंबाडा सुटून पाठीवर आला. त्यांनी आकड्याची तार पकडीनं तोडली, वाकवली, दातात धरून पुन्हा वाकवली आणि खाचेत अडकवली. गाडी घरी आली. घरी आल्यावर हे म्हणाले, "चालते ना, मग कशाले बदलवाचं?" आणि कधीच बदललं नाही. कोणी गाडीची तारीफ केली की हे सांगायचे, "माझी फटफटी घरवालीच्या केसांवर चालते."

भांडी तशीच ठेवून मी हात पुसले. म्हणजे मुखरूभाऊंना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून, पांढरा प्लग पुसला तेव्हापासून. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते कार्बोरेटर सोडून बाकी सगळी गाडी खोलत होते.

पुढच्या बाजाराला त्यांनी सायलेन्सर काढला आणि आतली काळी काजळी खरवडत बसले. मी त्यांच्या हातांकडं पाहत होते. हात थकले होते पण घाईत नव्हते.

"कार्बेटर पाहाचं का, भाऊ?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

त्यांचा हात थांबला. "पाहू. शेवटी पाहू. घाईनं नाई खोलाव तो."

"हाव," मी म्हटलं. "घाई कोणाले आहे?"

मग आम्ही दोघंही थोडा वेळ सायलेन्सरकडं पाहत राहिलो.

धान कापणीला आलं. निकेशचा फोन आला तेव्हा मी खळ्यावरून येत होते.

"आजी, झाली का गाडी?"

"झालीच म्हण. जरा मिसिंग आहे."

"अजून? मुखरूआबांना सांग, राहू द्या आता. या रविवारी मी पिकअप घेऊन येतो मित्रासोबत. चालो का न चालो, आम्ही उचलून नेतो. इथे नागपूरला माणूस आहे, पूर्ण खोलून देतो. कार्बोरेटरच नवीन टाकू."

"नवीन?"

"आजकालच्या पेट्रोलवर जुने कार्बोरेटर त्रास देतात, आजी. काढून फेकून द्यायचा तो."

फोन ठेवून मी बराच वेळ खाटेवर बसले. गाडी जाणारच होती, ते तर ठरलेलंच होतं. पण ती खोकत जाणार, आणि कुणी परका माणूस ती उघडून म्हणणार की हे काय जुगाड केलंय. आणि तो तारेचा तुकडा कुठं तरी फरशीवर पडणार. यांची गाडी यांच्या अंगणातून दुसऱ्याच्या पिकअपवर खोकत चढली, तर मला ते पाहवणार नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, मुखरूभाऊंना मधली मिसिंग काढता आली नाही असं नातवाच्या तोंडी राहणार. तेही बरं नव्हतं.

बाजार रविवारच्या आधी एकच उरला होता. मुखरूभाऊ आले. पिशवी ठेवली.

"आज हवेचा फिल्टर पाहतो," ते म्हणाले.

"भाऊ," मी म्हटलं, "निकेश रविवारी घेऊन चालला. नाई बनली तरी नेते. नागपूरले कार्बेटर काढून फेकतो म्हणते."

ते खाली बसलेले होते. वर पाहिलं नाही.

"आज कार्बेटर खोला," मी म्हटलं.

चिंचेवर पोपटांचा थवा आला होता, तो उडून जाईपर्यंत ते पाना चिंधीनं पुसत राहिले. मग म्हणाले, "आकडा जुना झाला आहे. काढला त तुटन. म्हणून हात नव्हतो लावत."

"हाव. मले वाटलंच."

"म्हणूनच."

"हाव, भाऊ."

त्यांनी खाली जुनी पांढरी चादर अंथरली, मला चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायला सांगितले. "या वेळी उडालं त सापडलं पाहिजे," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. कार्बोरेटरचं वरचं झाकण फिरवून त्यांनी आतला दट्ट्या केबलसकट बाहेर ओढला. त्यातून सुई निघाली. सुईच्या खाचेत माझा आकडा होता. काळा पडलेला, पण तसाच वाकलेला, मुखरूभाऊंच्या तेव्हाच्या धड दातांनी वाकवलेला. त्यांनी पकडीनं हळूच ओढला. तो तुटला नाही. अलगद निघाला.

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मग शर्टाच्या खिशातून बिडीच्या बंडलाचा एक कागद काढला, घडी उघडली. आत नवं लॉक होतं, चकचकीत. कागद मात्र नवा नव्हता. खिशात राहून राहून, घामानं आणि धुण्यानं तो कापडासारखा मऊ झाला होता.

"हे केव्हा आणलं, भाऊ?"

"आणलं होतं," ते म्हणाले. "पोळ्याच्या मागून."

त्यांनी लॉक एक खाच खाली बसवलं, सुई आत सोडली, झाकण फिरवलं. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल.

रपट्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर गाडी बंद केली नाही. ती तशीच टुकटुक करत उभी होती.

"मले त साफ वाटते," ते म्हणाले. "पण खाली गाडी खोटं बोलते. मिसिंग वजनावर कळते. मागं कोणी बसलं पाहिजे."

ते माझ्याकडं पाहत नव्हते. सीटकडं पाहत होते. ते म्हणत होते ते खरंच होतं, डेपोतले ट्रकही ते भरूनच तपासायचे. सिरोंचाच्या रस्त्यावर मी ज्या जागी बसले होते ती जागा माझ्या समोर होती, फाटलेली, टेपनं चिकटवलेली. बाजूची पकडायची कडी मला आठवत होती, तिचा गार लोखंडी स्पर्शसुद्धा. रपटा काही दूर नव्हता. त्यापुढचा साग या दिवसांत अजून हिरवा असतो.

पलीकडं गुणाबाईच्या खराट्याचा आवाज थांबला.

"धानाचा कट्टा आहे ना नवा," माझ्या तोंडून गेलं. "तो बांधा मागं. वजन होते."

त्यांनी सीटवरची नजर काढली. "हाव," ते म्हणाले. "कट्टाही चालन."

दोघांनी मिळून कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, उचलला. माझा जोर पुरला नाही तेव्हा गुणाबाई आली, पदर खोचून. दोरानं बांधला.

"काऊन जी मुखरूभाऊ," ती म्हणाली, "धान पळवून चालले का आमच्या शकुबाईचं?"

"हाव ना, बाई. शोध करा माझा."

आम्ही तिघंही हसलो. गाडी निघाली. माझ्या जागेवर बसून धान गेलं. मी फाटकाशी उभी राहिले, मुठीत आकडा. आवाज सुरुवातीला साफ होता. मग मधल्या वेगात आला, आणि तो तिथंही साफ होता. एकसारखा, गुळगुळीत, दोरा ओवल्यासारखा. रपट्यावर ते थांबले नाहीत. पुढं गेले, सागात शिरले. आवाज लहान लहान होत गेला, पण कुठंही तुटला नाही. ते परत येईपर्यंत गुणाबाई घरी निघून गेली होती.

"काय ऐकलं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"काही नाई. साफ आहे."

"मग झाली."

"झाली."

त्यांनी राखेनं आणि साबणानं हात धुतले. नखांतलं काळंही काढत बसले. मी पाणी ओतत राहिले. मग पिशवीत एकेक पाना ठेवला, चिंधीची घडी केली, चहा घेतला आणि फाटक ओढून गेले.

रविवारी निकेश आला. मित्रासोबत गाडी रस्त्यावर फिरवून आला आणि म्हणाला, "आजी, मिसिंग कुठे आहे? मक्खन चालते." मित्रानं मोबाइलवर चित्रीकरण केलं. गाडी पिकअपवर चढवून दोरांनी बांधली. निकेश पाया पडला, मला नागपूरला चल म्हणाला, मी धान भरायचं आहे म्हटलं. पिकअप रपट्यावरून गेली तेव्हा लाल टाकी एकदा चमकली. आवाज पिकअपचा होता.

आकड्याचा तो तुकडा मी केसांत अडकवून पाहिला. आता केस तेवढे राहिले नाहीत. निसटतो. देवाजवळच्या डबीत ठेवला आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी चहाचं आधण ठेवलं नाही. उगाच कशाला, असं म्हटलं, आणि सायकलच्या साखळीचा आवाज आला तेव्हा छपरीतच बसलेली होते. सायकल फाटकाबाहेर थांबली. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर.

"शकुबाई, बरं आहे ना?"

"बरं आहे, भाऊ. या ना, चहा घ्या."

त्यांनी छपरीच्या कडेला पाहिलं. तिथं जमिनीवर तेलाचा काळा डाग होता, बाकी जागा मोकळी होती. पलीकडं खराटा चालू होता.

"नाई, बाजार कराचा आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "गाडी काय म्हणते?"

"चांगली चालते म्हणे. निकेशचा फोन होता. रस्त्यानं लोक पाहतात म्हणते."

"मिसिंग?"

"नाई. साफ."

त्यांनी मान हलवली. पायडल अर्धं फिरवून पुन्हा थांबवलं. "घरात काही बिघडलं-फिघडलं त सांगजा."

"सांगीन, भाऊ."

सायकल चिंचेजवळून पुढं गेली. वळणापर्यंत साखळीचा आवाज येत होता.

मी आत आले. बटण दाबलं, दिवा लागला. नळ सोडून पाहिला, पाणी आलं. दाराची कडी लावून पाहिली, सरळ बसली. हे जाताना सगळं घर नीट करून गेले होते. यांना काही मोडकं ठेवायची सवयच नव्हती. मग मी पंखा लावला आणि त्याच्या खाली बसून कान देऊन ऐकत राहिले. हळू केला, मधल्या वेगावर ठेवला, पूर्ण केला, पुन्हा मधल्यावर आणला.

पंख्यात काहीच खोट नव्हती.